यादी मागितली तर काय द्यायचं?

मराठवाड्यातल्या एका गावच्या पोलीस पाटील ताईंचं पत्र आहे. वय छत्तीस, महिला राखीव जागेवर परीक्षा देऊन नेमणूक झालेली. गावाबाहेर गायरानात पारधी समाजाची वीसेक घरांची वस्ती आहे. रब्बी सुरू झाली की विहिरींवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात, आणि चोरी झाली की ठाण्यातून फोन येतो: "वस्तीवर सध्या कोण कोण आहे, नावं टाका." ताई व्हॉट्सॲपवर नावं टाकतात. गाडी येते, दोघा-तिघांना उचलते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडून देते. मोटार काही सापडत नाही. मध्यंतरी वस्तीवरच्या एका आजीने त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही आमच्या का त्यांच्या?" गावातले लोकही मोकळं बोलत नाहीत. हातभट्टी कुठे लागते हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, पण "ताईला सांगितलं की ठाण्यात पोचलंच" म्हणून सगळे गप्प. त्यात तरुणांनी काठ्या घेऊन रात्रीची राखण सुरू केली आहे. घरचे म्हणतात, राजीनामा दे आणि मोकळी हो. ताई विचारतात: गावाचा पोलिसांवर विश्वास बसावा यासाठी मी काय करू? की पदच सोडू?

ताई,

तुमच्या पत्रात एक प्रश्न असा आहे जो तुम्ही विचारलेलाच नाही: ती नावं पाठवणं हे तुमचं काम होतं का? बाकी सगळं त्याच्यावर अडलेलं आहे, म्हणून आधी तेच पाहू.

साहेबांनी मागितलं की द्यायचं, असं तुम्ही गृहीत धरलंय. कायदा इतकं सरसकट म्हणत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४ खास तुमच्यासारख्यांसाठी आहे. गावाच्या कारभाराशी संबंधित माणसाने कोणती खबर लगेच द्यायची, ते त्यात सांगितलंय. आता त्यातली पहिलीच बाब बघा. चोरीचा माल घेणारा किंवा विकणारा म्हणून बदनाम असलेला कुणी गावात किंवा आसपास राहत असेल, तर ती खबर द्यायची. त्यानंतर दरोडेखोर, पळालेला कैदी, न्यायालयाने फरार घोषित केलेला आरोपी; आणि तेही तुम्हाला माहीत असेल किंवा वाजवी संशय असेल तर. संशय माणसावर घ्यायचा आणि त्याला कारण असायला हवं. एखाद्या वस्तीतले झाडून सगळे पुरुष, असा प्रकार त्या कलमात नाही.

आजींच्या प्रश्नामागेही काही आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. हैदराबाद संस्थानातही तसाच कायदा होता. या कायद्यांमुळे त्यात नोंदलेल्या जमातीत जन्माला आलेलं मूल जातीमुळे गुन्हेगार ठरायचं. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. नोंदलेला माणूस हजेरीला आला नाही तर ठाण्याला कळवायची जबाबदारी कुणावर? गावच्या पाटलावर. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा संपला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण तुमच्या फोनवरून गेलेली यादी त्या आजींना नवी वाटण्याचं काही कारण नाही. त्यांच्या आई-वडिलांनी ती पाहिलेली आहे, फक्त तेव्हा ती कागदावर असायची.

३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्धच्या सुकन्या शांता खटल्यात निकाल दिला. त्यात पोलिसांना स्पष्ट निर्देश आहे की विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यात नोंदलेल्या जमातींच्या, लोकांना मनमानी अटक होऊ देऊ नका. तुमच्या ठाण्याच्या साहेबांना हा निकाल माहीत असेलही. आठवण करून द्यायला हरकत नाही, नम्रपणे आणि लेखी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. "गावाचा पोलिसांवर विश्वास बसावा" असं तुम्ही लिहिलंय, पण तुमच्या पत्रात गाव एक नाही. गावठाणातल्या शेतकऱ्याला पोलिसांनी वस्तीवर गाडी नेलेली आवडते, म्हणून तोही फोन करून सांगतो की पारध्यांनाच धरा. वस्तीला तीच गाडी नको असते. आणि गंमत म्हणजे दोघांचंही काम होत नाही: शेतकऱ्याला मोटार मिळत नाही, वस्तीला शांत झोप मिळत नाही. दर हंगामात दोन माणसं उचलल्याने तपास झाल्यासारखा दिसतो, त्यामुळे खऱ्या चोराला कुणी शोधतच नाही. गावात पोलिसांबद्दल जो अविश्वास आहे, त्याचं एक कारण हे आहे, आणि ते गावठाणातल्या लोकांना दाखवून देणं तुम्हालाच जमेल.

मोटारीचंच घ्या. चोराला मोटार नको असते, तांबं हवं असतं. मोटारीतलं वाइंडिंग काढायचं, केबल जाळून तार सुटी करायची आणि विकायची. केबल जाळली की बांधावर नाहीतर ओढ्यात काळा डाग आणि जळक्या रबराचा वास राहतो. तांबं कुणीतरी विकत घेतल्याशिवाय पैसे होत नाहीत. म्हणजे खबर भंगाराच्या दुकानापासून मागे यायला हवी, आणि कायद्याने पहिलं बोट नेमकं तिथेच ठेवलंय. पुढच्या वेळी फोन आला की नावांऐवजी हे पाठवा: कुठल्या गटातली विहीर, मोटार किती अश्वशक्तीची, कंपनी, नंबर असेल तर नंबर, शेवटची चालू कधी पाहिली, रात्री कुणाला टेम्पोचा आवाज आला का, केबल जाळल्याच्या खुणा कुठे आहेत. गावात आत्ताच सांगून ठेवा की मोटारीच्या नंबरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. ठाण्यातल्या डीबी पथकाला, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकाला, याचा नावांच्या यादीपेक्षा जास्त उपयोग होईल. त्यांनी तरीही यादीच मागितली, तर इतकंच लिहा: "या गुन्ह्याबाबत अमुक व्यक्तीवर संशय घ्यावा अशी माहिती माझ्याकडे नाही. मिळाल्यास तात्काळ कळवते." खोटं नाही, उद्धटही नाही.

घाबरून जाऊ नका. तुमच्या नेमणुकीचा आदेश काढून पाहा, सही ठाण्याची नाही, प्रांताची म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची असेल. पोलीस पाटील ठाण्याच्या हाताखालचा शिपाई आहे असा समज गावात आहे, ठाण्यातही आहे, आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की थोडा तुमचाही आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ हा तुमचा कायदा. त्यानुसार पोलिसांना सर्व साहाय्य करणं हे कर्तव्य आहेच, पण त्याच कलम ६मध्ये आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे कुणी बघत नाही. गावातल्या गुन्ह्यांची स्थिती, तसंच गावकऱ्यांचं आरोग्य आणि सर्वसाधारण हालहवाल तुम्ही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे व्यवहारात तहसीलदार-प्रांतांना, कळवत राहायचं आहे. वस्तीवर पाण्याची सोय नाही, पोरांना जातीचे दाखले मिळत नाहीत, दर हंगामात रात्री माणसं उचलल्याने बायका-पोरं भेदरलेली आहेत, ही सगळी हालहवालच आहे. तुमच्याकडून असा एक तरी अहवाल वर गेलाय का? नसेल तर हाच पहिला लिहा. आजींच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊ नका. "मी तुमचीच" असं म्हणणं सोपं आहे आणि ते त्यांनी याआधी मतं मागणाऱ्यांकडून पुष्कळदा ऐकलेलं असणार.

गाडी परत येईल, तेव्हा काय करायचं? वस्तीवर जा. वाद घालायला नाही आणि जामीन राहायलाही नाही. फक्त हजर राहा आणि वहीत लिहून घ्या: कुणाला नेलं, किती वाजता, कोणत्या गुन्ह्यात, नेणाऱ्या अंमलदाराचं नाव काय. नागरिक सुरक्षा संहितेतल्या चार साध्या गोष्टी तुम्हाला पाठ असू द्या. साक्षीसाठी बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, आणि बाईला किंवा साठीपुढच्या माणसाला त्यासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं (कलम १७९). अटकेची गरज नसेल तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यायची असते (कलम ३५), आणि साधी चोरी त्यातच मोडते. अटक केली तर नातेवाइकाला कळवायचं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. आणि अटक केलेल्यांची नावं, पत्ते, गुन्हा हे सगळं ठाण्यात ठळकपणे लावायचं असतं (कलम ३७). "चौकशीला नेलंय" हा जो मधला प्रकार आहे, अटकही नाही आणि सुटकाही नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. तुमच्या वहीत तारीख-वेळ पडली की त्याची नोंद झाली. यात तुम्ही कुणाची बाजू घेतलेली नाही, आणि तरी वस्तीला कळेल की बाई आली होती आणि लिहून घेत होती.

मला वाटतं विश्वासाचं सगळं कोडं या एका ठिकाणी आहे: माणूस ठाण्याला काहीतरी सांगतो आणि पुढे त्याचं काय झालं हे त्याला कधीच कळत नाही. हातभट्टीबद्दल लोक गप्प आहेत ते पोलिसांचा राग येतो म्हणून, असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. एकदा कुणीतरी सांगितलं असेल, चार दिवसांनी भट्टीवाल्याने त्यालाच पारावर विचारलं असेल. किंवा भांडणाची एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, दिली, पोच हातात पडली आणि तिथेच विषय संपला. अशा माणसाला शांतता समितीच्या बैठकीत विश्वासाबद्दल भाषण ऐकवून काय होणार?

म्हणून उत्तर परत आणायचं काम तुम्ही अंगावर घ्या. ज्याने तक्रार दिली त्याची एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती त्याच्या हातात पडली का ते बघा. नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम १९३), तेव्हा त्या तारखा वहीत मांडा आणि दिवस भरत आले की बीट अंमलदाराला, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाला, आठवण करा. उत्तर "काही सापडलं नाही" असं असलं तरी चालेल, ते त्या माणसापर्यंत जाऊ द्या. खबर देणाऱ्याचं नाव मात्र वहीतही नको आणि फोनवरही नको. ज्याला तुमच्यामार्फत सांगायचं नाही त्याला ११२ हा पोलिसांचा मदतीचा नंबर दाखवा. सगळं आपल्याच हातून जायला हवं असा हट्ट धरू नका, कारण पाटलाच्या घरी कोण जातं यावर सगळ्या गावाचं लक्ष असतं.

यात वस्तीची एक तक्रार नक्की असू द्या. तुमच्या पत्रात वस्ती फक्त संशयित म्हणून येते. त्यांचीही बकरी चोरीला जात असेल, त्यांच्या मुलीलाही कुणी रस्त्यात अडवत असेल, मजुरी बुडत असेल. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, त्यामुळे जातीवरून अपमान किंवा मारहाण झाली तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. त्यांच्यातली एखादी बाई तक्रार द्यायला तयार असेल तर तिच्याबरोबर ठाण्यात जा. ठाणे अंमलदाराने दखलपात्र गुन्हा नोंदवायला टाळाटाळ केली तर तीच तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तिथेही दाद नाही मिळाली तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं (कलम १७३). पण तिला न विचारता यातलं काही करू नका. आपल्या भल्याचं काम आपल्यालाच न विचारता होतंय, हा अनुभव त्या वस्तीला नवा नाही.

बैठकांबद्दल थोडं तिखट बोलते. तुमच्या तालुक्यात गणपती, ईद, शिवजयंतीच्या आधी शांतता समितीची बैठक होत असेल: हार-तुरे, चहा, ग्रुप फोटो, तेच पुढारी. त्यातून सणाचा बंदोबस्त ठरतो, फार तर. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. त्यानंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, पुढारी बाजूला, आणि प्रत्येक कमिटीशी जोडलेला एक पोलीस. त्या दंगल नसतानाच्या काळात नियमित भेटायच्या आणि नळावरची भांडणं, भाडेकरूचे वाद असल्या बारीकसारीक गोष्टी सोडवायच्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की कॉन्स्टेबल आणि मोहल्ल्यातला माणूस एकमेकांना नावाने ओळखत होते.

तुम्हाला कमिटी काढायची गरज नाही. बीट अंमलदाराला महिन्यातून एकदा, चोरी झालेली नसताना, दिवसा, दुचाकीवरून गावात बोलवा. अर्धा तास पारावर, अर्धा तास वस्तीवर. वस्तीवर तो पहिल्यांदाच गाडी आणि शोधाशोध यांच्याशिवाय येईल. त्याचीही बाजू आहे, ती विसरू नका. या सदराला पोलिसांच्या घरूनही पत्रं येतात, आणि त्यांत बहुधा एकच गाऱ्हाणं असतं, की बंदोबस्तातून सुटका झाली तर बीटवर फिरायला वेळ मिळेल. तुमच्या गावात त्याला कुणी नावाने हाक मारून पाणी विचारलं, तर तो पुन्हा येण्याची शक्यता वाढते.

तंटामुक्ती समिती तुमच्या गावात अजून जिवंत असेल तर तिचा उपयोग करा, पण मर्यादा ओळखून. १५ ऑगस्ट २००७ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना ती मोहीम सुरू झाली आणि बांधाचे, वाटणीचे वाद मिटवायला तिने मदत केली. पुढे पुरस्काराच्या नादात काही ठिकाणी तक्रारच होऊ द्यायची नाही असा दबावही आला. बाईला मारहाण, अत्याचार, जातीवरून त्रास, यांवर गावात बसून समझोता होत नसतो. तुमच्यासमोर तसा प्रयत्न झाला तर तिथून उठा आणि ठाण्याला कळवा.

राखणीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. १६ एप्रिल २०२०ला पालघरमधल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक, अफवेवरूनच, आणि तिथे तर पोलीस हजर होते. काठ्या घेऊन फिरणारी तुमची पोरं वाईट नाहीत, पण रात्री दोन वाजता घाबरलेल्या वीस पोरांपुढे अनोळखी माणूस आला तर काय होईल, ते त्यांनाही माहीत नसतं. या आठवड्यातच राखणदारांची नावं ठाण्यात लेखी द्या. एका वेळी चार-पाचच जण, एक जाणता माणूस बरोबर, बॅटरी आणि शिट्टी. कुणी दिसला तर लांबून विचारायचं, ११२ लावायचा, हात लावायचा नाही. पारधी वस्तीवर राखण न्यायची नाही. आणि गावाच्या ग्रुपवर "संशयित दिसले" असा मेसेज आला की आधी तुम्ही खात्री करायची, मगच पुढे जाऊ द्यायचा. वस्तीतल्या पोरांना राखणीत घ्या असं कुणी सुचवेल. त्यांनी स्वतः होऊन म्हटलं तर जरूर, पण त्यांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा म्हणून नको. अंधारात एखाद्या पोराला गावातल्याच कुणी चोर समजण्याचा धोकाही लक्षात ठेवा.

राहिला राजीनामा. घरच्यांना तुमची काळजी आहे आणि ती खोटी नाही. मानधन २०२४मध्ये पंधरा हजारांवर गेलंय, त्याचा विचार करण्यात काही कमीपणा नाही. पण तुम्ही सोडलं तर फोन पुढच्या पाटलाला जाईल आणि तो बहुधा यादी पाठवेल. याचा अर्थ तुम्ही राहिलंच पाहिजे असा मी काढत नाही. ठाण्यातून धमकी आली, खोट्या पंचनाम्यावर सही मागितली, किंवा गावातून जिवाला धोका वाटला, तर प्रांतांना लेखी कळवा आणि सोडायचं असेल तर खुशाल सोडा. पोलिसांच्या गैरवर्तनासाठी उपविभागीय पोलीस अधिकारी आणि अधीक्षक आहेत, त्यापलीकडे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. आणि एक ओझं आत्ताच खाली ठेवा: पोलिसांवर लोकांचा विश्वास बसवणं हे तुमचं काम नाही, तो पोलिसांनी मिळवायचा आहे. तुम्ही दोन्हीकडचं खरं दोन्हीकडे नेत राहिलात की तुमचं काम झालं. ही रब्बी तसं करून बघा, मग घरच्यांबरोबर पुन्हा बसा.

ठाण्यात पोलीस पाटलांची पुढची मासिक बैठक असेल, तिच्या आधी शेजारच्या तीन-चार गावच्या पाटलांना फोन करा. यादीचा फोन त्यांनाही येत असणार. भंगारवाल्यांची तपासणी आणि वस्त्यांवर दिवसा बीट, या दोन मागण्या एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, साहेबांच्या हातात द्या, आणि आवक नंबर टाकून पोच मागा.